वेलांटी

वर्षातून दोनदा ती गज घेऊन यायची,
मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये.
म्हणायची, केस बदल, लाकडाला हात लावू नकोस.
मी तेव्हा बापाच्या दुकानात उमेदवारी करत होतो,
दातांत दोरा, बोटांना राळ.
घोड्याच्या शेपटीचे दीडशे केस
ओल्या फणीने विंचरताना
मला तिच्या मानेवरचा डाग दिसायचा,
डाव्या जबड्याखाली, तांबूस, घट्टा पडलेला.
गिऱ्हाइकं विचारत, बाईंना भाजलंय का?
बाप म्हणे, हो, तीस वर्षांपासून रोज थोडं थोडं.

ओंदिना क्रावोस.
तिचा बाप त्रिएस्तेच्या गोदीत
कॉफीची पोती उचलायचा, हिरव्या, कच्च्या दाण्यांची.
पत्त्यांत हरलेल्या एका खलाशाने
पैशांऐवजी व्हायोलिन दिलं, असं ती सांगायची.
पुढच्या खेपेला तो खलाशी ग्रीक असायचा,
त्याच्या पुढच्या खेपेला माल्टाचा.
व्हायोलिनच्या पोटात मात्र
अजूनही पोत्याचा वास होता. मी हुंगलाय.

ती नऊ वर्षांची असताना सरकारी कागद आला:
स्लोव्हेन नावं यापुढे चालणार नाहीत.
क्रावोसच्या शेवटाला एक वेलांटी चिकटली.
क्रावोसी.
बापाने सही केली. उशीर झाला होता, जहाज लागलं होतं.
आई ज्या भाषेत पीठ मळताना गुणगुणायची
ती भाषा आता दार लावून बोलायची.
पोरीने ती गुणगुण तारांवर उतरवून घेतली,
शब्द वगळून.
खालच्या मजल्यावरच्या शिपायाला वाटे,
पोरगी रियाज करते आहे.

मग थिएटरच्या ऑर्केस्ट्रात एकतीस वर्षं,
दुसऱ्या व्हायोलिनांत, तिसऱ्या बाकावर, खांबाआड.
वर रंगमंचावर नायिका क्षयाने मरत,
खाली ही एका हाताने पान उलटत.
मध्यंतरात लाँड्रीच्या बिलामागे
पाच रेघा ओढून काहीतरी लिहायची.
शेजारचा वादक त्सेनोन म्हणायचा,
बाईसाहेबांचा हिशोब कधी जुळत नाही.

जुळला एकदा. एकसष्टच्या फेब्रुवारीत
तिची स्वतःची रचना, ती स्वतः उभी राहून वाजवणार होती.
त्या दिवशी बोरा सुटला,
आमच्याकडचा तो वारा, ज्याच्यासाठी
नगरपालिका रस्त्याकडेने दोर बांधते.
सदतीस माणसं आली, टोप्या हरवून.
संथ भागात वरच्या खिडकीची झडप सुटली
आणि शेवटापर्यंत आपटत राहिली.
ती थांबली नाही. झडपेला वाट देत वाजवत राहिली.
दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने
ढोलवाल्याचं विशेष कौतुक केलं.
त्या रचनेत ढोल नव्हता.

मी दारात तिकिटं फाडत होतो म्हणून पाहिलं:
सुरू व्हायच्या आधी, काळ्या झग्यात,
ती छापील पत्रिकांच्या गठ्ठ्यावर ओणवी,
पेन्सिलीने एकेक वेलांटी खोडत होती.
दोनशे छापल्या होत्या.
सगळ्या खोडल्या. आमच्या येण्याशी त्याचा संबंध नव्हता.

पुढे बोटांचे सांधे सुजले.
करंगळी आधी गेली, मग अनामिका.
तिने शेवटचं जे लिहिलं
ते फक्त मोकळ्या तारांसाठी आहे.
डाव्या हाताने नुसतं धरायचं,
बाकी सगळं गजावर.
पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत
पहिल्या दिवशी मुलांना तेच देतात.
दुपारी तीनला खरडणं ऐकू येतं,
बेसूर नाही म्हणता येत,
मोकळी तार बेसूर कशी होणार,
पण देवा, काय तो आवाज!

एका ऑक्टोबरात तिने गज दिला.
मी केस बदलले.
मार्चमध्ये ती आली नाही.
बंद पेटीत केसांना किडे लागतात
म्हणून मी तो खुंटीवर उघडा ठेवतो, सैल करून,
आणि दर ऑक्टोबरात नवे केस घालतो.
लोक किंमत विचारतात.
मी सांगतो, बाईंचा आहे,
बिल द्यायचं राहिलंय.